जड पाण्याच्या मुलखातलं कारंजं: निगा, साफसफाई आणि दुरुस्ती

मराठवाड्यात अंगणातलं कारंजं बंद पडलं की दोष पंपाला दिला जातो. पंप उघडून पाहिला तर मोटर बहुतेक वेळा शाबूत असते. आतला पंखा मात्र पांढऱ्या क्षाराने जाम झालेला असतो. नवीन पंप आणला तर तोही सहा महिन्यांत त्याच वाटेने जातो, कारण बदलायला हवं होतं ते हौदातलं पाणी. लातूर, बीड, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर, घरचं पाणी बोअरचं असेल तर कारंज्याची निगा म्हणजे क्षाराचा हिशोब ठेवणं. शेवाळ, डास, गळती, वायरिंग ही कामंही आहेतच, पण त्यांचा क्रम नंतरचा.

क्षार साचतो कसा

हौदातून वाफ होऊन उडतं ते निव्वळ पाणी. क्षार मागे राहतो. आपण रोज वरून भर घालतो आणि प्रत्येक बादलीबरोबर नवा क्षार आत येतो. आकड्यात पाहू. हौद १०० लिटरचा आहे आणि बोअरच्या पाण्याचा टीडीएस ८०० आहे, म्हणजे लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार. सुरुवातीला हौदात ८० ग्रॅम क्षार असतो. मे महिन्यात अशा चालत्या कारंज्यातून दिवसाला पाचेक लिटर पाणी सहज उडतं. तेवढी भर घातली की रोज ४ ग्रॅम क्षार वाढतो. वीस दिवसांत हौदातला क्षार दुप्पट, दोन महिन्यांत चौपट. मीटर लावून पाहिलं तर आकडा याहून कमी दिसतो. त्यावर खूश होऊ नका. पाण्यात न दिसणारा क्षार दगडावर, नळीत आणि पंपाच्या पंख्यावर जाऊन बसलेला असतो.

तो ठरावीक जागीच का बसतो, तेही पाहण्यासारखं आहे. जड पाण्यात कॅल्शियम विरघळून राहतं ते पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आधाराने. पाणी उसळलं, पडलं, पातळ पदर होऊन कडेवरून ओघळलं की तो वायू निघून जातो आणि कॅल्शियम घट्ट होऊन बसतं. म्हणून पांढरा थर सगळ्यात आधी नोझलच्या तोंडाशी आणि वाटीच्या कडेला दिसतो. गिझरच्या कॉइलवर जमतो तोच हा थर. तिथे तो उष्णतेमुळे सुटतो, इथे हवेमुळे.

शे-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. कारंज्यासाठी साधा नियम: भरायचं पाणी ३०० च्या आत असेल तर निश्चिंत राहा, ८०० च्या पुढे असेल तर पुढचं वेळापत्रक काटेकोर पाळा. मीटर एकूण क्षार दाखवतो, कॅल्शियम किती ते वेगळं सांगत नाही. त्यासाठी जुनी परीक्षा पुरेशी आहे: साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड.

दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि याला दहा मिनिटं लागतात. पंप बंद करा, प्लग काढा, तळाच्या गाळासकट एक तृतीयांश पाणी उपसा आणि ताजं भरा. १०० लिटरच्या हौदाला दोन बादल्या. वरच्या उदाहरणात आठवड्याला ३५ लिटर वाफ आणि ३३ लिटर उपसा धरला, तर टीडीएस साधारण १६५० ला, म्हणजे मूळ पाण्याच्या दुपटीला येऊन स्थिरावतो. थंडीत वाफ कमी होते, तेव्हा पंधरा दिवसांनी उपसलं तरी चालतं.

आता पाण्याचा प्रश्न. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात आठवड्याला दोन बादल्या गटारात सोडा असं कुणी सांगू नये. उपसलेलं पाणी झाडांनाच जायला हवं, म्हणून हौदाची जागा ठरवतानाच निचऱ्याचा पाईप झाडाच्या आळ्यापर्यंत नेऊन ठेवा. नारळ, कडुलिंब, बोगनवेल हे पाणी पचवतात. कुंडीतला मोगरा, गुलाब आणि भाजीची रोपं पचवत नाहीत, त्यांच्या पानांच्या कडा करपतात. एकाच झाडाला वर्षभर तेच पाणी देऊ नका, आळी बदलत राहा. ब्लीच किंवा ॲसिड घातलेलं पाणी मात्र कोणत्याच झाडाला नको.

कोणतं पाणी भरावं

पावसाचं पाणी सर्वोत्तम. पहिला पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीखाली ड्रम लावा. १००० टीडीएसच्या बोअरच्या पाण्यात तेवढंच पावसाचं पाणी मिसळलं की मिश्रण पाचशेच्या आसपास येतं. दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम दिवाळीपर्यंतची बरीच भर भागवतो.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही जवळपास क्षाररहित असतं. पावसाळी दमट हवेत ते भरपूर मिळतं, मे महिन्यातल्या कोरड्या हवेत थोडंच. जाळीतून गाळून घ्या आणि बोअरच्या पाण्यात मिसळूनच वापरा.

आरओचं वाया जाणारं पाणी कारंज्यात घालण्याचा सल्ला बरेच जण चांगल्या हेतूने देतात. तो चुकीचा आहे. त्या पाण्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतो. ते फरशी पुसायला, संडास धुवायला वापरा. कूलरच्या टाकीतून काढलेल्या पाण्याचंही तेच.

घरात सॉफ्टनर बसवलेला असेल तर ते पाणी थर बसू देत नाही, कारण त्यातलं कॅल्शियम काढून सोडियम घातलेलं असतं. पण टीडीएस तेवढाच राहतो आणि सोडियम झाडांना व मातीला वाईट. असं पाणी वापरत असाल तर उपसा झाडांना देऊ नका.

टँकरचं पाणी गढूळ असेल तर थेट हौदात ओतू नका. शंभर लिटरच्या पिंपात ३ ते ५ ग्रॅम तुरटी विरघळवा, रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी घ्या. तळाचा गाळ पंपात गेला तर तो पंख्याची दांडी घासून टाकतो.

पंप: उघडणं, धुणं, पुन्हा बसवणं

घरगुती कारंज्यात बहुधा कूलरचाच १८ किंवा ४० वॅटचा बुडता पंप असतो. त्याची रचना सोपी आहे. मोटरची गुंडाळी रेझिनमध्ये कायमची बंद असते आणि तिच्या पोकळीत चुंबकाचा दंडगोल फिरतो. दंडगोलाच्या टोकाला पंखा, मधून सिरॅमिकची बारीक दांडी. दुरुस्ती करण्यासारखं यात काही नसतं, पण धुण्यासारखं सगळंच असतं. उन्हाळ्यात महिन्याला एकदा, एरवी दोन महिन्यांनी धुवा.

१. प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पंप वायरला धरून उचलू नका, तळहातावर धरून काढा. वायर ओढली गेली की ती आत शिरते तिथलं सील सैल होतं आणि पुढे करंट पाण्यात उतरतो.

२. पुढची जाळी आणि तिच्या मागचं झाकण बोटांनी दाबून काढा. पंखा चिमटीत धरून सरळ बाहेर ओढा. चुंबकामुळे तो मागे खेचला जातो, ते तसंच असतं. पंखा चुंबकाच्या तुलनेत अर्ध्या फेऱ्याएवढा सैल फिरतो, तोही बिघाड नाही. मोटर सुरू होताना झटका मिळावा म्हणून तशी मोकळीक ठेवलेली असते. हा पंखा तुटलाय असं समजून पुष्कळ चांगले पंप फेकले जातात.

३. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा. किराणा दुकानात ते लिंबूफूल म्हणून मिळतं. पंखा, दांडी, जाळी त्यात अर्धा तास ठेवा. बुडबुडे यायला लागतात, म्हणजे क्षार सुटतोय. बुडबुडे थांबूनही थर उरला असेल तर नवं द्रावण घ्या, जुन्यातला जोर संपलेला असतो. लिंबूफूल नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, वेळ मात्र दुप्पट लागेल. बाथरूमचं ॲसिड नको. ते दांडीचे रबरी बूच आणि धातूचे भाग खातं.

४. मोटरच्या पोकळीत जुना टूथब्रश फिरवा. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. पोकळीची भिंत पातळ असते आणि तिच्यापलीकडे वीज आहे.

५. दांडी उजेडात धरून बारकाईने पाहा. सिरॅमिक कडक पण ठिसूळ असतं, केसाएवढी तडही चालत नाही. तडकलेल्या दांडीवर पंखा डगमगतो आणि घरघर ऐकू येते. अशी दांडी पंख्यासह बदला.

६. साध्या पाण्यात दोनदा खळबळून जोडा. हौदात ठेवण्याआधी बादलीत पूर्ण बुडवून चालवून पाहा. नुसताच गुणगुणत असेल तर प्लग काढून पंप पाण्यातच उलटसुलट हलवून आत अडकलेली हवा जाऊ द्या.

पंप कायम पाण्याखाली किमान दोन इंच असला पाहिजे. पाणीच त्याला थंड ठेवतं. पातळी खाली गेली की आधी पाण्याबरोबर हवा ओढल्याचा गुरगुराट येतो, धार तुटक होते, आणि दुर्लक्ष झालं तर एका दुपारीत मोटर जळते. एप्रिल-मे महिन्यात दोन दिवस गावाला जायचं असेल तरी कारंजं बंद करून जा. मोठ्या हौदाला कूलरसारखा फ्लोट व्हॉल्व्ह लावून घेतला तर ही काळजी मिटते.

पंप थेट तळावर ठेवू नका. विटेच्या तुकड्यावर किंवा उपड्या प्लास्टिकच्या डब्यावर ठेवला की गाळ खाली राहतो. जाळीभोवती जाड स्पंज गुंडाळा आणि आठवडी उपशाच्या वेळी तो पिळून धुवा. पाण्याची धार हळूहळू बारीक होत असेल तर आधी स्पंज पाहा, मग नोझल, मग नळी आणि सगळ्यात शेवटी पंप. नोझलची भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करा. लोखंडी तारेने पितळी भोक मोठं होतं आणि मग धार वाकडी पडते ती कायमची. आतून पांढरी झालेली नळी धुण्यात वेळ घालवू नका, नवीन घ्या, फुटाला काही रुपयेच लागतात.

नवीन पंप घेताना त्यावर लिहिलेले दोन आकडे वाचा. तासाला ११०० लिटर आणि उंची १.८५ मीटर असं लिहिलं असेल तर हे दोन्ही एकदम मिळत नाहीत. १.८५ मीटरवर पाणी पोचतं आणि तिथेच थांबतं, बाहेर काहीच पडत नाही. पंपापासून वरच्या तोंडापर्यंतची उंची मोजा आणि तिच्या साधारण दुप्पट आकड्याचा पंप घ्या. तीन फुटांच्या कारंज्याला हा पंप ठीक, पाच फुटांच्या कारंज्याला नाही.

दगड ओळखा, मगच ॲसिडला हात लावा

पंपाला चाललेलं लिंबूफूल दगडाला चालेलच असं नाही. इथेच सगळ्यात महागडी चूक होते. शहाबादी फरशी आणि संगमरवर हे दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे थर ज्याचा आहे त्याचेच. थर विरघळवणारं ॲसिड दगडही विरघळवतं. चकाकी जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्या खडबडीत जागी पुढचा थर जास्त लवकर बसतो. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्याला सौम्य लिंबूफूल चालतं.

दगड कुठला ते कळत नसेल तर अशी परीक्षा करा. कारंजं कोरडं असताना, जिथे पाणी कधी पोचत नाही अशी कोपऱ्यातली जागा निवडा. खिळ्याने नखाएवढं खरवडा आणि त्या भुकटीवर लिंबाचा एक थेंब टाका. बारीक फेस आला तर चुनखडीचा दगड, ॲसिड वर्ज्य. ओल्या पांढऱ्या भागावर परीक्षा करू नका, तिथे थरच फसफसतो आणि निकाल चुकतो.

चुनखडीच्या दगडावरचा थर काढायला जोर कमी आणि वेळ जास्त लागतो. थरावर ओलं फडकं रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या पट्टीने आडवं खरवडा, मग खाण्याचा सोडा ओलसर करून नारळाच्या काथ्याने घासा. जाड थर एका दिवसात जात नाही, आठ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा करा. एवढ्यानेही हटला नाही तर फरशी पॉलिश करणाऱ्या कारागिराला बोलवा.

बेसाल्टवर लिंबूफुलाचं तेच, लिटरला ५० ग्रॅमचं द्रावण फडक्याने लावा, दहा मिनिटांनी घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. सांधे सिमेंटचे असतात हे लक्षात ठेवा. द्रावण सांध्यात मुरत राहिलं तर वर्षभरात सांधा भुसभुशीत होतो. सिमेंटच्या कारंज्यालाही हीच मर्यादा आहे.

फायबरच्या कारंज्याला ॲसिडची भीती नाही, उन्हाची आहे. तारेची घासणी वापरू नका, तिच्या ओरखड्यात शेवाळ घर करतं. दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याआधी गाडीचं मेण लावलं तर रंग टिकतो. पितळी मूर्ती चिंचेने घासायची असेल तर ती बाहेर काढून घासा. चिंच-मिठाचं पाणी हौदात जाऊ देऊ नका.

शेवाळ आणि डास

शेवाळाला ऊन आणि कुजका पालापाचोळा लागतो. दुपारच्या उन्हात कारंज्यावर सावली असेल तर निम्मं काम होतं. मात्र ती सावली कडुलिंबाच्या थेट खाली नको, त्याची पानं, फुलं आणि निंबोळ्या वर्षातले चार महिने हौदात पडत राहतात. भिंतीवर हिरवा बुळबुळीत पदर दिसला की हौद रिकामा करा. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग घेऊन ब्रशने घासा, दहा मिनिटांनी दोनदा धुऊन टाका. चालू हौदात शेवाळ रोखायला १०० लिटरमागे ४ मिलिलिटर ब्लीच, म्हणजे छोटा चमचाभर, संध्याकाळी घाला आणि पंप तासभर चालवा. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ते बहुतांशी उडून जातं. मासे असतील तर ब्लीचचं नाव काढू नका.

एक गोष्ट ठळक लिहून घ्यावी अशी: ब्लीच आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नका. लिंबूफूल असो, व्हिनेगर असो की बाथरूमचं ॲसिड, ब्लीचशी मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद जागेत तो जिवावर बेततो. क्षार काढण्याचा दिवस वेगळा ठेवा, शेवाळ काढण्याचा वेगळा.

डेंगूचा डास वाहत्या पाण्यात अंडी घालत नाही, पण कारंजं तीन-चार दिवस बंद राहिलं की तोच हौद त्याच्यासाठी साठवणीचं पाणी होतो. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून साठवणीची भांडी रिकामी करून सुकवण्याचा आठवड्यातला कोरडा दिवस कारंज्यालाही लागू आहे. लोकांच्या ध्यानात न येणारी बाब अशी की हा डास अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. पाणी ओतून दिलं, भिंत घासली नाही, पुन्हा भरलं की अळ्या हजर. म्हणून पाण्याच्या रेषेपासून वर चार बोटांची पट्टी दर आठवड्याला घासून काढा. वरच्या वाट्यांमध्ये पंप बंद झाल्यावर कपभर पाणी उरतं, तेही फडक्याने टिपा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडले तर अळ्यांचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी पंपाच्या जाळीवर स्पंज हवाच, नाहीतर पिल्लं ओढली जातात.

पाणी कमी होतंय: वाफ की गळती?

उन्हाळ्यात पातळी रोज उतरते आणि गवंड्याला बोलवावं की नाही कळत नाही. बादलीची परीक्षा करा. पंप बंद ठेवा. हौदात बादली ठेवून तिच्यात हौदाच्या पातळीइतकंच पाणी भरा. दोन्हीकडे खडूने खूण करा आणि चोवीस तासांनी मोजा. बादलीतलं आणि हौदातलं पाणी सारखंच उतरलं असेल तर ती वाफ आहे. मे महिन्यात एक सेंटीमीटरपर्यंत घट काळजीची नाही. हौदातलं जास्त उतरलं तर गळती आहे. दुसऱ्या दिवशी पंप चालू ठेवून हौदाची घट पुन्हा मोजा. बंद असताना ठीक आणि चालू असताना खूप घट, याचा अर्थ पाणी वाऱ्याने बाहेर उडतंय किंवा नळीचा सांधा सुटलाय. धार वाऱ्याने बाहेर जात असेल तर तिची उंची हौदाच्या कडेपर्यंतच्या अंतराहून कमी करा. पंपाच्या तोंडावरची चकती फिरवली की ती कमी होते.

गळती शोधायला हौद भरून तसाच सोडा. पातळी उतरत उतरत जिथे थांबेल, तड त्याच रेषेवर आहे. तड व्ही आकारात अर्धा इंच खोल कोरा, धूळ काढा, पूर्ण वाळू द्या आणि पाण्याच्या टाकीसाठीची इपॉक्सी पुट्टी भरा. ओल्या तडेत भरलेली पुट्टी महिन्यात निघून येते. सिमेंटचा नवा हौद किंवा नवा गिलावा असेल तर पाणी भरून आठवडाभर ठेवा आणि काढून टाका, असं दोन-तीनदा करा. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत असतो, त्यात मासे मरतात आणि थरही झपाट्याने जमतो.

काळी माती आणि कललेलं कारंजं

पाणी एकाच बाजूने ओघळतंय, दुसरी बाजू कोरडी. नोझलला दोष देण्याआधी पाणसळ लावा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर थेट बसवलेलं कारंजं दोन वर्षांत कलतंच. हौदाच्या तडांचं मूळही पुष्कळदा तिथेच असतं, आणि मग पुट्टी कितीदा भरली तरी तड पुन्हा उघडते. नवीन कारंजं बसवणार असाल तर कारंज्याच्या घेरापेक्षा फूटभर मोठा आणि दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या. काळी माती पूर्ण काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून चोपा आणि त्यावर चार इंच काँक्रीट घाला. हे काम जमिनीखाली राहतं, कुणाला दिसत नाही, म्हणून नेमकं याच कामात काटकसर होते.

आधीच बसवलेलं कारंजं थोडं कललं असेल तर बैठकीखाली स्टेनलेस स्टीलच्या किंवा कडक प्लास्टिकच्या पट्ट्या सारून समतल करा. लाकडाची पाचर नको, ती ओलीने फुगते आणि कुजते. वरच्या वाट्यांची समतलता पाणसळीपेक्षा पाणीच अचूक सांगतं: वाटी काठोकाठ भरा आणि पाणी आधी कुठून सांडतं ते पाहा.

वीज

पाणी आणि वीज एकत्र आहेत, त्यामुळे इथे जुगाड अजिबात चालवून घेऊ नका. कारंज्याच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा खटका हवा, तो घराच्या बोर्डात नसेल तर स्वतंत्र लावून घ्या. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर तो फक्त शोभेचा आहे. अर्थिंग चालू आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. वायरचा जोड हौदात किंवा हौदाच्या कडेवर कधीच नको, चिकटपट्टी कितीही गुंडाळली तरी नको. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलातून खाली पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. दिवे १२ व्होल्टचेच घ्या आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर छताखाली कोरड्यात ठेवा.

पहिल्या पावसात आरसीसीबी वारंवार पडत असेल तर त्याला दोष देऊन तो काढू नका. कुठेतरी जोड ओला झालाय किंवा पंपाचं सील गेलंय. आधी पंप, मग एकेक दिवा सोडवून पाहा, ज्याला सोडवल्यावर खटका पडायचा थांबतो तोच दोषी.

लाईट गेल्यावर कारंजं इन्व्हर्टरवर चालवायचा मोह होतो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे पंप भणभणतात आणि तापतात. व्होल्टेज फार पडलं तरी तेच होतं: पंखा अडतो, मोटर मात्र करंट खेचत राहते. गुणगुण ऐकू येतेय आणि पाणी नाही, असं दिसताच प्लग काढा.

ऋतूप्रमाणे

परदेशी माहितीपत्रकांत हिवाळ्यात कारंजं रिकामं करून झाकायला सांगतात, ते गोठणाऱ्या पाण्याच्या देशांसाठी. आपल्याकडे हिवाळा हाच कारंज्याचा सर्वांत सोपा काळ. कस लागतो तो होळीपासून मृगापर्यंत. रंगपंचमीच्या आधी पंप काढून ठेवा, रंगाचे कण स्पंजमधून जातात आणि पांढऱ्या दगडात मुरतात. उन्हाळ्यात कारंजं सकाळी दोन आणि संध्याकाळी तीन तास चालवा. टळटळीत दुपारी चालवलं तर सर्वांत जास्त पाणी उडतं, आणि पाहायला अंगणात कुणी नसतं. टायमर लावला की हे आपोआप होतं. पाऊस सुरू झाला की हौद ओसंडून आजूबाजूची माती आत येते, म्हणून कडेपासून दोन इंच खाली सांडव्याचा पाईप असू द्या. गौरी-गणपतीच्या सजावटीतलं छोटं कारंजं विसर्जनानंतर तसंच खोक्यात जातं आणि पुढच्या वर्षी सुरू होत नाही. पंप लिंबूफुलाने धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून, पंखा वेगळा कागदात गुंडाळून ठेवा.

टंचाईच्या वर्षी

पिण्याच्या पाण्याला टँकर लागला की कारंजं बंद करावं, यात दुमत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला पाणी डोंगरातून मातीच्या नळांनी, नुसत्या उताराच्या जोरावर येतं. आपल्या कारंज्याला तशी सोय नाही, ते भूजलावर आणि विजेवर चालतं. पण बंद करणं म्हणजे सोडून देणं नव्हे. अर्धवट पाण्यासह उन्हात पडलेला हौद जास्त बिघडतो: पाणी आटताना सगळा क्षार पंपावर बसतो आणि मधल्या काळात डास होतात.

हौद पूर्ण उपसा, पाणी झाडांना द्या, भिंती घासा, कोरडं पुसा. पंप धुऊन घरात ठेवा. नळीतलं पाणी फुंकून काढा आणि नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, नाहीतर मुंग्या आणि कुंभारमाश्या आत घर करतात. सिमेंटचा हौद कडक उन्हात कोरडा पडला तर तडकतो, म्हणून त्यावर शेडनेट किंवा जुनी सतरंजी टाका. तळाचं निचऱ्याचं भोक उघडं ठेवा, म्हणजे वळवाचं पाणी साचणार नाही.

पुन्हा सुरू करताना घाई नको. हौद भरून एक रात्र ठेवा आणि पातळी उतरते का पाहा. पंप आधी बादलीत पंधरा मिनिटं चालवा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, मगच पंप हौदात सोडा. पहिल्या दोन दिवसांत पाणी गढूळ दिसतं, नळीतला वाळलेला क्षार पापुद्रे होऊन सुटत असतो. तिसऱ्या दिवशी स्पंज धुवा, नोझल काढून साफ करा आणि अर्धं पाणी बदला.